मोज्यातले आठ माईक

भर मे महिन्यात दुपारी घरातला कूलर बंद करणाऱ्या बाईबद्दल नागपुरात काय बोलतात ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण एक अख्खा उन्हाळा ती बाई मीच होते. नवरा म्हणाला, डोक्यावर परिणाम झाला आहे. वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून वाकून म्हणाल्या, "काहून वं, बिल जास्त आलं काय?" कुणालाही खरं कारण सांगितलं तरी पटत नव्हतं. खरं कारण असं होतं, की मला माझा आवाज विकायचा होता आणि त्यात कूलर येत होता.

अठरा वर्षं मी एका खाजगी शाळेत मराठी शिकवलं. मग शाळेनं मराठी माध्यम बंद केलं. आधी तुकडी गेली, मग फळा गेला, मग मी. सेहेचाळिसाव्या वर्षी घरी बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की मोठ्यानं वाचणं सोडलं तर मला दुसरं काही येत नाही. स्वयंपाक येतो, पण तो खाऊन कुणी मला नोकरीवर ठेवील असं माझ्या घरच्यांनाही वाटत नाही. तेवढ्यात कळलं, की पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारी एक कंपनी आहे आणि ती घरून काम देते. नमुना म्हणून तीन मिनिटांचं वाचन पाठवायचं. मी मोबाईलवर वाचून पाठवलं. उत्तर आलं, वाचन उत्तम, पण मागे सतत एखादं यंत्र चालू असल्याचा आवाज येतो. दुसऱ्यांदा मी आमचा कूलर बंद करून वाचलं. उत्तर तेच. या वेळी शेजाऱ्यांचा कूलर आला होता. खाली लिहिलं होतं, की तिसरा नमुना शेवटचा, जूनच्या पाच तारखेपर्यंत पाठवावा, नाहीतर पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज करावा. पुढच्या वर्षापर्यंत घरी बसून मी काय झाले असते याची मला मनापासून भीती वाटत होती.

जाणकारांनी सांगितलं, चांगला माईक घ्या. चांगल्या माईकची किंमत पाहून मी संगणक मिटला. मग मी अशा माईकांच्या शोधाला लागले, ज्यांचं नाव त्यांना बनवणाऱ्यांनाही धड आठवत नसेल. असे माईक ढिगानं आहेत. त्यांच्याखाली लोकांनी लिहिलेले अभिप्राय मी चार दिवस वाचले. एकानं लिहिलं होतं, खोका छान होता. दुसऱ्यानं लिहिलं होतं, भावाला भेट दिला, तो काही बोलला नाही. यावरून काय ठरवणार? शेवटी मी ठरवलं, की सगळेच मागवायचे, घरी ऐकायचे, एक ठेवायचा आणि बाकीचे मुदतीत परत करायचे. सहा ऑनलाईन मागवले. दोन सीताबर्डीच्या एका दुकानातून आणले. दुकानदार काउंटरवर डबा खात होता. मी कंपनीचं नाव विचारल्यावर तो म्हणाला, "नाव कायले पाहता मॅडम? आवाज पाहा. बिनधास्त घेऊन जा, नाही जमला तर वापस आणा." 

असे आठ माईक आमच्या जेवणाच्या टेबलावर जमले. एक वरवंट्यासारखा जड होता. एकाला खाली निळा दिवा होता, तो कारण नसताना लुकलुकायचा. एक कॉलरला लावायचा, शेंगदाण्याएवढा. एकावर इंग्रजीत 'व्यावसायिक' असं लिहिलं होतं आणि त्या शब्दात स्पेलिंगची चूक होती. आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मामाजी बसले होते.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. माझे मामाजी छत्तीस वर्षं शिक्षक होते, पण शिकवण्यापेक्षा त्यांचा जीव परीक्षेत. पेपर तपासणं, पर्यवेक्षण करणं आणि कॉपी पकडणं, यातली शेवटची गोष्ट सांगताना त्यांचा चेहरा उजळतो. त्यांनी वहीच्या बांधणीत लपवलेली कॉपी पकडली, चपलेच्या अंगठ्यात लपवलेली पकडली, पाण्याच्या बाटलीच्या कागदावर लिहिलेली पकडली. आणि नववीच्या वार्षिक परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात डोकावणारा स्वतःचा मुलगा पकडला. त्याचं वर्ष गेलं. तो मुलगा म्हणजे माझा नवरा. औषधांच्या कंपनीच्या कामासाठी तो आठवड्यातले चार दिवस चंद्रपूर-गडचिरोलीकडे असतो. घरात कधी वाद पेटला की आजही तो नववीवर येतो. मामाजींचं उत्तर ठरलेलं असतं. "वर्ष वाया गेलं का वर्ष पुन्हा करावं लागते. नियम आहे."

अलीकडे मात्र मामाजी बरेच निवळले होते. वर्षभरापूर्वी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा काही दिवस मी त्यांना दुपारी वर्तमानपत्र वाचून दाखवलं. डोळा बरा झाला तरी ती सवय राहिली. पूर्वी घरात कुणीही बातमी वाचली की हा माणूस मधेच अडवायचा, संपादकाला शिव्या द्यायचा, माझ्या उच्चारांना नावं ठेवायचा. आता ते शांतपणे माझ्याकडे बघत ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "बरोबर आहे." मी स्वयंपाकाचं विचारलं तरी बरोबर आहे. मी माझं मत सांगितलं तरी बरोबर आहे. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर का होईना, सासऱ्यांना माझं पटायला लागलं, याचा मला आनंद झाला होता. मैत्रिणींना मी तो सांगितलाही होता.

तर टेबलावरचे माईक पाहून मामाजी म्हणाले, "हे काय करून राहिली सूनबाई?" मी मोठ्या आवाजात समजावून सांगितलं. त्यांच्याशी सगळे मोठ्यानंच बोलतात, शिक्षकांच्या घरात ते चालतं. कोणता माईक चांगला ते ठरवायचं आहे एवढं कळल्यावर त्यांनी चष्मा पुसला. मला तेव्हाच ते खोके उचलून पळून जायला हवं होतं.

"असं कानानं ऐकून कोणीही ठरवते," ते म्हणाले. "याची परीक्षा घ्या लागते."

संध्याकाळपर्यंत नियम तयार झाले. परीक्षकाला परीक्षार्थीची ओळख कळता कामा नये, म्हणून प्रत्येक माईकवर माझ्या नवऱ्याचा एकेक मोजा चढवण्यात आला आणि मोज्यावर चिकटपट्टीनं बैठक क्रमांक लावण्यात आला. आठही कंपन्यांचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे ओळख लपवायची गरज काय, असं मी विचारलं. मामाजी म्हणाले, "बरोबर आहे," आणि पुढचा मोजा मागितला. प्रश्नपत्रिका सगळ्यांना सारखी. मी एका कथेतला उतारा निवडला होता, तो त्यांनी फेटाळला, कारण मजकूर चांगला असला की परीक्षक वाहवत जातो. शोधाशोध करून त्यांनी कूलरच्या पंपाबरोबर आलेलं माहितीपत्रक काढलं. आणि शेवटचा नियम, निकाल लागेपर्यंत उत्तरपत्रिका कुणी बघायची नाही. म्हणजे ध्वनिमुद्रण झाल्यावर ते मी ऐकायचं नाही, ऐकतील फक्त परीक्षक.

परीक्षा केंद्र जिन्याखाली होतं. हिवाळ्यात आमचा कूलर जिथे झोपतो ती जागा उन्हाळ्यात रिकामी असते. तिथे मी दोन गाद्या उभ्या केल्या, वरून रजया टाकल्या आणि फटी बुजवायला मामाजींची रद्दी लावली. मामाजी रद्दी विकू देत नाहीत. महिन्याप्रमाणे गठ्ठे बांधतात आणि वर चिठ्ठी लावतात. वर्षभराच्या वर्तमानपत्रांची ती भिंत आवाज चांगला अडवते असं मला वाटत होतं. हवा तर ती नक्कीच अडवत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर पंचेचाळीस होतं. घरातला कूलर बंद, पंखा बंद, मी रजयांच्या आत, समोर मोजा घातलेला माईक आणि दीड हात अंतरावर स्टुलावर मामाजी, कारण पर्यवेक्षकाशिवाय परीक्षा होत नाही. मी सुरू केलं. "पंप कोरडा चालवू नये. टाकीत पुरेसे पाणी असल्याची खात्री करावी. ओल्या हातांनी बटणास स्पर्श करू नये." आठ माईक, प्रत्येकी तीन वेळा, कारण मामाजी सरासरी काढणार होते. कधी बाहेर भाजीवाला ओरडला म्हणून पुन्हा, कधी कुत्रं भुंकलं म्हणून पुन्हा, कधी मला चक्कर आली म्हणून पुन्हा. तिसऱ्या दिवशी ते माहितीपत्रक मला तोंडपाठ झालं होतं. 'पंप कोरडा चालवू नये' हे वाक्य मी आदेश म्हणून म्हटलं, विनंती म्हणून म्हटलं आणि शेवटी शेवटी घसा कोरडा पडल्यावर अगदी मनापासून म्हटलं.

चौथ्या दिवशी उत्तरपत्रिका तपासायचं काम सुरू झालं. मामाजींनी इस्त्रीचा सदरा घातला, टेबलावर लाल पेन ठेवलं, कानाला हेडफोन लावले. मी समोर बसून एकेक फाईल लावायची. ते डोळे मिटून ऐकायचे, मधेच माझ्याकडे बघायचे आणि रजिस्टरमध्ये लिहायचे. स्पष्टतेला चाळीस गुण, शुद्धतेला चाळीस, शिस्तीला वीस. शिस्त म्हणजे वायर गुंतते का. बैठक क्रमांक एक, बावन्न. बैठक क्रमांक दोन, एकसष्ट. सहाव्या क्रमांकाला, म्हणजे त्या शेंगदाण्याएवढ्या कॉलर माईकला, चौतीस, आणि एका गुणासाठी नापास. मी म्हटलं, एक गुण वाढवून द्या. म्हणाले, नाही. चौथ्या क्रमांकाला एक्क्याण्णव. शेरा असा, 'अत्यंत स्वच्छ. उच्चार निर्दोष. पार्श्वभूमीस कोणताही आवाज नाही.'

मला फार हायसं वाटलं. चौथा क्रमांक म्हणजे तो वरवंट्यासारखा जड माईक. निकाल जाहीर झाला होता, आता ऐकायला हरकत नव्हती. मी हेडफोन लावले आणि फाईल सुरू केली.

काहीच नाही. आवाज वाढवला. तरी काही नाही. कूलर नाही, भाजीवाला नाही, कुत्रं नाही आणि मीही नाही. मी माईकवरचा मोजा ओढून काढला. त्या वरवंट्याला खाली बुडाशी एक छोटं बटण होतं. ते बंद होतं. मोजा चढवल्यापासून ते कुणाला दिसलंच नव्हतं. सगळ्या परीक्षार्थींमध्ये पहिला आलेला हा परीक्षेलाच बसला नव्हता.

मला आधी हसू आलं. मग असा संताप आला की विचारू नका. तीन दिवस मी रजयांत शिजले, मुदत आठ दिवसांवर आली आणि हा माणूस मनाला येईल तसे गुण वाटत होता. मी म्हटलं, "मामाजी, चारची फाईल पुन्हा एकदा ऐकता का?" त्यांनी हेडफोन लावले. डोळे मिटले. मान डोलावली. मग मी दुष्टपणा केला. दुसरी फाईल लावल्यासारखं केलं आणि हेडफोनची वायर संगणकातून काढून घेतली. मामाजी मान डोलावत राहिले. मधे डोळे उघडून त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा मिटले, आणि बोटानं टेबलावर हलकासा ठेका धरला.

वायर माझ्या हातातच राहिली. संताप कुठे गेला ते कळलं नाही. मला वर्षभरातल्या दुपारी आठवायला लागल्या. मी वाचते आहे, ते माझ्या ओठांकडे बघत आहेत, माझे ओठ थांबले की म्हणत आहेत, बरोबर आहे. त्यांना माझं पटत नव्हतं. त्यांना माझं ऐकू येत नव्हतं. कुणाला कळू नये म्हणून हा माणूस वर्षभर माझ्याशी सहमत झाला होता. खरं सांगते, त्यांना ऐकू येत नाही याचं दुःख मला नंतर झालं. आधी वाईट वाटलं ते त्या 'बरोबर आहे'चं.

त्यांना डॉक्टरकडे न्यायचं तर कसं? कान दाखवायला चला म्हटलं असतं तर ते उठले नसते. मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'सोमवारी सकाळी अकरा वाजता आपल्या कानांची परीक्षा आहे.' त्यांनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, "पास व्हायले किती लागते?"

सोमवारी ते तासभर आधी तयार होते. इस्त्रीचा सदरा, खिशात दोन पेनं, हातात स्टीलची पाण्याची बाटली. धंतोलीतल्या त्या दवाखान्यात कान तपासणाऱ्या मॅडम तरुण आणि फार समजूतदार होत्या. आत एक कपाटाएवढी खोली होती, जाड दाराची, एका बाजूला काचेची खिडकी असलेली. मामाजींना आत भिंतीकडे तोंड करून बसवलं, कानाला हेडफोन लावले. मॅडम काचेबाहेर यंत्रापाशी बसल्या, त्यांच्या मागे मी. टीं असा आवाज ऐकू आला की बोट वर करायचं, एवढीच परीक्षा.

मामाजींनी समोरच्या फळीवर पाण्याची बाटली ठेवली. मग ती थोडी डावीकडे सरकवली. मग किंचित फिरवली. तपासणी सुरू झाली. मॅडमनी बटण दाबलं, बोट वर. पुन्हा दाबलं, बोट वर. "काकांचे कान तर मस्त आहेत," मॅडम म्हणाल्या. मला वाटलं, आपलीच काहीतरी चूक झाली. तेवढ्यात मॅडमनी ओढणी सारखी करायला हात उचलला. मामाजींचं बोट वर गेलं.

मी पुढे वाकून बघितलं. चकचकीत स्टीलच्या बाटलीत काच दिसत होती, काचेत मॅडमचा हात दिसत होता आणि मामाजी त्या बाटलीकडे एकटक बघत होते. छत्तीस वर्षं पोरांच्या बाटल्या तपासणारा माणूस बाटलीत बघून कॉपी करत होता.

मी गप्प बसले असते तर ते पास होऊन घरी आले असते. तेवढ्यावर मी दोनचार क्षण अडखळले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, त्याची अब्रू, आणि मी सून. पण पुढचं सगळं आयुष्य या माणसाच्या 'बरोबर आहे'वर काढायचं, हे मला झेपणार नव्हतं. मी मॅडमच्या खांद्याला हात लावला.

"मॅडम, मामाजी कॉपी करत आहेत."

"काय?"

"बाटलीत पाहून."

मॅडमना दोनदा सांगावं लागलं. मग त्या उठल्या, दार उघडलं आणि हळूच म्हणाल्या, "काका, बाटली बाहेर ठेवते हं." मामाजींनी बाटली स्वतः उचलून दिली. दाराबाहेर उभ्या असलेल्या माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. नववीत माझ्या नवऱ्यानं त्यांच्याकडे असंच पाहिलं असेल.

पुन्हा तपासणी सुरू झाली. मॅडमनी बटण दाबलं. मामाजी भिंतीकडे तोंड करून ताठ बसले होते, बोट गुडघ्यावर तयार ठेवून. मॅडमनी आवाज वाढवला. पुन्हा वाढवला. ते बोट तिथेच होतं. मला मागून त्यांची फक्त मान आणि इस्त्रीची कॉलर दिसत होती. मला रडू आलं आणि मी ते पुसलं नाही, कारण त्यांना ते दिसणार नव्हतं.

तपासणी संपली. श्रवणयंत्र लागणार होतं. मॅडम मामाजींना बाहेर बसवून कागद भरायला लागल्या आणि मी त्यांचा विसरलेला रुमाल आणायला त्या खोलीत गेले. माझ्यामागे दार आपोआप मिटलं.

तिथे कूलर नव्हता. म्हणजे यंत्र नव्हतं एवढंच नाही, त्याचा आवाजच नव्हता. आमचा नाही, शेजाऱ्यांचा नाही, धंतोलीचा नाही. मार्चपासून पहिल्यांदा माझ्या कानात काहीच वाजत नव्हतं. नागपुरात उन्हाळ्यात अशी जागा आहे आणि ती मी जिन्याखाली शोधत होते. तिथे मला काय सुचलं ते सांगायला लाज वाटते. तेव्हाही वाटली, पण ती दोन मिनिटं टिकली. माझ्या पर्समध्ये सहावा बैठक क्रमांक होता. तो सीताबर्डीच्या दुकानात परत करायचा म्हणून मी बरोबर घेतला होता.

मी मॅडमना विचारलं. त्यांनी आधी माझ्याकडे, मग मामाजींकडे पाहिलं. एकाच घरातले असे दोघं एकाच दिवशी आलेले त्यांनी पाहिले नसावेत. "पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "मग पुढचा पेशंट आहे."

मी आत बसले, शेंगदाणा पदराला लावला, मोबाईल सुरू केला आणि लक्षात आलं, की वाचायला काहीही आणलेलं नाही. पर्समध्ये डॉक्टरांची चिठ्ठी होती आणि गॅसची पावती. कथेतला एकही परिच्छेद मला पाठ नव्हता. पाठ होतं ते एकच.

"पंप कोरडा चालवू नये," मी सुरुवात केली.

तीन मिनिटं मी ते माहितीपत्रक म्हटलं. टाकी, पाणी, बटण, ओले हात, गंज, लहान मुलांपासून अंतर. मधे मान वर केली तर काचेबाहेर मामाजी उभे होते. त्यांना काहीही ऐकू येत नव्हतं, ते माझ्या ओठांकडे बघत होते. मी एक वाक्य संपवलं. मामाजींनी बोट वर केलं. दुसरं संपवलं, पुन्हा बोट वर. चेहरा गंभीर, पण मिशी हलत होती. माझं हसू दाबता दाबता 'गंज' हा शब्द फारच करुण झाला.

तो नमुना मी तसाच पाठवला. दुसरं काय पाठवणार होते? तीन तारखेला उत्तर आलं. 'आवाज स्वच्छ. पार्श्वभूमी शांत. वाचनातील भाव विशेष आवडला. काम सुरू करण्याबाबत लवकरच कळवू. सदर उतारा कोणत्या पुस्तकातील आहे, ते कृपया लिहावे.' त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

दहा दिवसांनी यंत्र आलं. कानामागे लावून दिल्यावर मामाजी दवाखान्याच्या पायऱ्यांवर पाच मिनिटं नुसते उभे राहिले. ऑटोत बसल्यावर त्यांनी ऑटोवाल्याला हॉर्न कमी वाजवायला सांगितलं. घरी आल्यावर कूलरसमोर उभे राहून म्हणाले, "हा एवढा बोंबलते काय? कोणी सांगितलं काहून नाही?"

दवाखान्यातल्या त्या सोमवारपासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. यंत्र लावून आल्यावर त्यांनी रजिस्टर मागवलं आणि आठही फाईल पुन्हा लावायला सांगितल्या. या वेळी डोळे मिटले नाहीत आणि माझ्याकडे पाहिलं नाही. पहिल्या क्रमांकाला अठ्ठावीस. दुसऱ्याला चाळीस, शेरा, 'कूलर वाचकापेक्षा स्पष्ट.' सहाव्याला त्रेसष्ट आणि पहिला क्रमांक. चौथ्याचे एक्क्याण्णव त्यांनी लाल रेघ मारून खोडले आणि पुढे लिहिलं, 'गैरहजर.' मग त्याच पानाच्या तळाशी बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

'परीक्षक: कॉपी करताना पकडले. साधन: पाण्याची बाटली. पर्यवेक्षक: सूनबाई. कारवाई: नियमानुसार.' खाली सही केली होती, पूर्ण नावानिशी.

मी म्हटलं, "मामाजी, हे काय? जाऊ द्या ना आता."

"जाऊ कसं द्यायचं?" ते म्हणाले. "तो पोरगा नववीत होता, त्याले जाऊ दिलं काय मी?" मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वर्षभर तू वाचून राहिली आणि मी नुसता बसून राहिलो. एक वर्ष वाया गेलं. वर्ष वाया गेलं का पुन्हा करावं लागते."

ते उठले आणि जिन्याखाली गेले. मी तिथल्या गाद्या काढल्या होत्या, पण रद्दीची भिंत तशीच उभी होती. त्यांनी चिठ्ठ्या वाचत वाचत एक गठ्ठा ओढून काढला, मागच्या जूनचा, ऑपरेशननंतरचा पहिला. धूळ झटकली, सुतळी सोडली, सगळ्यात वरचं वर्तमानपत्र माझ्या हातात दिलं आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसले.

"कूलर बंद कर," ते म्हणाले. "वाच."

मी कूलर बंद केला. वरच्या काकूंनी जिन्यातून डोकावलं आणि त्या मान हलवून परत गेल्या. मी वर्षापूर्वीची पहिली बातमी वाचायला घेतली. महानगरपालिका पावसाळ्याआधी सगळे नाले साफ करणार होती. अर्ध्या बातमीतच मामाजींनी हात वर केला.

"हे काही बरोबर नाही," ते म्हणाले. "आणि तू लय घाईनं वाचते."

मला इतकं बरं वाटलं, की मी तीच बातमी पुन्हा पहिल्यापासून, सावकाश वाचली.